गाळातलं भरतपूर : नांदूर मध्यमेश्वर

आपल्या इरिगेशनच्या पुस्तकात 'गाळ' हा शब्द नेहमी व्हिलन म्हणून येतो. गाळ साठला की धरणाची क्षमता कमी, आयुष्य कमी, मार्क मिळवायला एवढं पुरतं. पण नाशिकपासून 50-60 किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, याच गाळानं एक अख्खं अभयारण्य उभं केलंय. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही हॉस्टेलच्या चौघी तिथं जाऊन आलो. त्या दिवशी जे पाहिलं आणि नंतर लायब्ररीत बसून जे समजून घेतलं, ते इथं लिहिते आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, 1907 ते 1913 या वर्षांत, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. कारण दुष्काळी पट्ट्याला पाणी. इथून निघणारे कालवे आजही कोपरगाव, राहाता भागाची शेती भिजवतात. म्हणजे पक्षी कोणाच्याच डोक्यात नव्हते. पण नदी अडली की वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की पाण्यात तरंगणारे कण खाली बसू लागतात. फ्लुइड मेकॅनिक्समधला स्टोक्सचा नियम आठवा : बारीक कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून जाड वाळू वरच्या अंगाला आधी बसते, आणि बारीक चिखल संथ पाण्यात सावकाश. शंभर वर्षं हे चाललं. उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, गोगलगायी, मासे, किडे आले. मग पाखरं येणारच! कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी उतरते आणि ओला चिखल उघडा पडतो, तेव्हा तर चिखलात चोच खुपसणाऱ्यांची चंगळ.

डॉ. सलीम अली यांनी या जागेला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटल्याचं इथं सगळे सांगतात. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं, आणि तो मान मिळवणारी ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. (रामसर हे इराणमधलं गाव. 2 फेब्रुवारी 1971 ला तिथं पाणथळ जागांचा करार झाला.) नंतर लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडीही यादीत आली.

आम्ही चापडगावच्या बाजूनं गेलो. तिथं निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातलीच मुलं गाईड म्हणून बरोबर येतात. आमच्या गाईडदादांना इंग्रजी नावं पाठ, पण आपसात बोलताना सगळी मराठी. मी कॉन्व्हेंटवाली, माझ्यासाठी 'कूट' म्हणजे पुस्तकातला एक काळा पक्षी. दादा म्हणाले, "ताई, त्याला आम्ही वारकरी म्हणतो. कपाळावरचा पांढरा टिळा बघा ना." झालं, आता जन्मात विसरणार नाही. चोचीवर पिवळा आणि लाल रंग ल्यालेलं ते हळदी-कुंकू बदक. शेपटी टोकदार तो तलवार, चोच चमच्यासारखी चपटी तो थापट्या, लाल काड्यांवर उभा असल्यासारखा तो शेकाट्या. इंग्रजी नाव आधी पाठ करावं लागतं, ही नावं नुसतं बघून कळतात. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' करून अशी किती नावं सांभाळून ठेवली, ते मला तिथून परत आल्यावर कळलं.

पाण्याकडे जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. कोण कुठं उभं आहे यावरून खोली कळते. शेकाट्या दिसला की पाणी वीतभर. तलवार बदकं डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून चरत असतील तर त्यांची मान पोहोचेल एवढंच. त्यापलीकडे बुडी मारणारी मंडळी. मुग्धबलाकाच्या चोचीला मधे फट असते. पिलांना ती नसते, मोठेपणी येते, आणि गोगलगायी पकडायला तिचा उपयोग होतो. वारकऱ्याला उडायचं असलं की पाण्यावर धावत लांब रनवे लागतो, तर तलवार बदक जागच्या जागी वर उठतं.

आता फोटोग्राफीबद्दल. 300 एमएमची लेन्स क्रॉप सेन्सरवर हातात धरायची तर शटर 1/500 पेक्षा हळू नको. उडत्या पक्ष्याला 1/1500 च्या पुढे. कॅमेऱ्याचा मीटर सगळं जग मध्यम राखाडी समजतो. त्यामुळे गडद पाण्यावर छोटा पांढरा बगळा असेल तर तो पार जळून पांढरा ठिपका होतो, तिथं एक्स्पोजर मायनस करा. उजळ आकाशात काळा पक्षी असेल तर प्लस. आणि साडेनऊ-दहानंतर लांबचे फोटो धूसर येतात तेव्हा लेन्सला शिव्या देऊ नका. ऊन वाढलं की जमिनीलगतच्या हवेच्या थरांची घनता बदलते आणि प्रकाश वाकतो. लाखाची लेन्स आणली तरी तेच.

एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्या शेजारी एक गृहस्थ मोठी लेन्स लावून बसले होते. समोर पट्टकदंबांचा थवा निवांत, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. त्यांना उडतानाचा फोटो हवा होता. दादांना म्हणाले, "एक दगड टाका ना, पाचशे देतो." दादांनी नुसती मान हलवली. "साहेब, ते उडतील तेव्हा घ्या. आम्ही उडवत नाही." गृहस्थ चिडले, पुढच्या गाईडकडे गेले. दादांची त्या दिवसाची दुसरी फेरी गेली.

पाचशे रुपये म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे आपण मेसचं बिल भरणाऱ्यांनी समजून घ्यावं. आणि त्या पाखराचा हिशोब तर आणखी कडक आहे. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. ट्रान्समीटर लावलेले पट्टकदंब 7000 मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे, आणि त्या उंचीवर हवेची घनता जवळपास निम्मी असते. परत जायचं इंधन म्हणजे इथं चरून अंगावर साठवलेली चरबी. प्रत्येक उगाच घेतलेली भरारी त्या टाकीतून जाते. एका फोटोसाठी एक दगड, असे दिवसभरात किती फोटोग्राफर?

दुसरा प्रश्न आपल्या ब्रँचचा. धरणातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना 2017 पासून आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ती चांगलीच आहे. पण हाच नियम इथं सरसकट लावला तर? खोली वाढेल, साठा वाढेल, आणि शेकाट्याला उभं राहायला जागा उरणार नाही. उलट काहीच केलं नाही, तर शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी मोकळं पाणी झाकून टाकते. कालव्याखालच्या शेतकऱ्यालाही पाणी हवंच. मला वाटतं, गाळ कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे डिझाइन करावं लागेल, आणि सांडपाणी आधी शुद्ध करून सोडावं लागेल. फायनल इयरच्या सिव्हिलवाल्यांनी यावर प्रोजेक्ट घ्यायला हरकत नाही. विषय तयार आहे, साइट जवळ आहे!

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भडक कपडे नकोत, मोबाईल सायलेंट. एका सकाळीत आमच्या वहीत 41 जाती झाल्या, त्यातल्या निम्म्या दुर्बिणीमुळे. तेव्हा कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण मात्र मागून आणा. निफाडपर्यंत एस.टी. मिळते, पण उजाडताना मनोऱ्यावर असायचं तर पुढची रिक्षा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.