फाल्गुनरावाचा संशय खरा वाटू दे

चि. बाळ यास,


सांगलीत तुमचे मंडळ ‘संगीत संशयकल्लोळ’ करणार आणि ते तू बसवणार, हे ताईकडून कळले. फार आनंद झाला. नाटककार देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, म्हणजे तुम्हाला घरचेच.

कथानकाचे मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे. आर्थर मर्फीने त्यावरून इंग्रजीत नाटक केले आणि तिथून ते देवलांकडे आले. आधी ते गद्य होते, पुढे पदे घालून १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ झाले. तरी ते उसने वाटत नाही, कारण रीतभात सगळी इथली आहे. पुरुषांना महिन्यांची नावे, बायकांना नक्षत्रांची. आणि अब्रूची धास्ती तर घरोघरची.

तालमीत एकच गोष्ट धरून बस. आपण विनोदी आहोत, हे फाल्गुनरावाला ठाऊक नाही. रेवतीला घेरी येते, तो तिला सावरतो आणि नेमके तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीकडून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ते फाल्गुनराव पाहतो. दोघांनी जे पाहिले ते खरेच घडलेले असते, चुकतो तो लावलेला अर्थ. म्हणून फाल्गुनरावाची तडफड खरी हवी. डोळे मिचकावून, तोंडे वेडीवाकडी करून हशा मिळेल, पण पुढच्या प्रवेशात त्या माणसावर कोण विश्वास ठेवील? कृत्तिकेलाही कजाग करू नका. तिचा संसार पणाला लागला आहे असे तिला मनापासून वाटते.

तसबीर पहिल्या तालमीपासून हातात असू दे. ती या घडीला कोणाकडे आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळले पाहिजे. सगळा घोटाळा तिच्यावर उभा आहे. फाल्गुनरावाच्या गड्याचे, भादव्याचे, काम करणाऱ्याला पदरची वाक्ये घालू देऊ नकोस, आजच्या राजकारणावरची तर मुळीच नको. देवलांचे संवाद साधे आहेत, त्यांची लय मोडली की हशाही जातो.

पदे वेळेअभावी कमी करावी लागली तर कर, पण ठेवशील ती घाईत उरकू नकोस. रेवतीसाठी गळ्याइतकाच शब्द स्वच्छ असलेली मुलगी निवड. नायकिणीच्या घरातली ही मुलगी लग्नाचा मान मागते आहे, तेव्हा तिचे पद मैफलीसारखे नको, अश्विनशेठशी बोलल्यासारखे हवे.

प्रयोगाची तारीख ठरली की लगेच कळव. रंगीत तालमीला येऊ दिलेस तर आदल्या दिवशीच पोचेन.

तुझा,
मामा