खुब्याचं ऑपरेशन: डिस्चार्जनंतरचा हिशेब

घरातलं वयस्कर माणूस पडलं, खुब्याचं हाड मोडलं, रॉड बसवला. हॉस्पिटलचं बिल भागवलंत, आता घरचा खर्च सुरू.

निघण्याआधी कागद ताब्यात घ्या: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, तपशीलवार बिल, इम्प्लांटचे स्टिकर. बिलात ‘इम्प्लांट’ असा एकच मोघम आकडा असेल तर कंपनी, नग आणि बॅच नंबर लिहून मागा. कार्डावर आणखी एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्याच: पायावर वजन किती द्यायचं आणि कधीपासून. ही ओळ नसली की घरचे धास्तीने पेशंटला झोपवून ठेवतात. मग पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताची गुठळी. सगळ्यांत महाग पडतं ते हेच.

घरी येणारा फिजिओथेरपिस्ट शहरात एका खेपेला साधारण 500 ते 1,000 रुपये घेतो. रोज आला तर महिन्याचे पंधरा ते तीस हजार. महिन्याभराचं पॅकेज आगाऊ भरू नका. सुरुवातीला रोज बोलवा, व्यायाम घरातल्या एकाने शिकून घ्यावेत, मग खेपा कमी करा. पण पूर्ण बंद नको, इथली काटकसर अंगाशी येते. जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत; तिथे फिजिओथेरपीची वेळ विचारा.

वॉकर विकत घ्या. कॉट आणि कमोड खुर्ची भाड्याने. डिपॉझिट, पोचवण्याचे आणि परत नेण्याचे पैसे आधीच ठरवा. चालता येत असेल तर एअर बेड सहसा लागत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरचा खर्च बहुधा 60 किंवा 90 दिवस मिळतो. मुदत पॉलिसीत बघा. फिजिओथेरपीसाठी सर्जनची चिठ्ठी आणि प्रत्येक खेपेची सहीची पावती हवी. डायपर, हातमोजे सहसा तुमच्याच खिशातून. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी मात्र ऑपरेशनआधीच: रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, किंवा 155388 वर फोन करा. पैसे भरून झाल्यावर ते परत मिळवणं कठीण.

मालिशवाल्याला दारातूनच परत पाठवा. तंबाखू, मिश्री बंद. हाड जुळायला उशीर होतो. रक्त पातळ करणारं औषध स्वतःहून थांबवू नका. पोटरी अचानक सुजली, धाप लागली किंवा जखमेतून पू आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. 108 ची गाडी मोफत आहे.