रंगांधता आणि आनुवंशिकतेचे आठ शब्द

सहावी ते आठवीच्या मित्रांनो, विज्ञान आपण वर्गात इंग्रजीतून शिकतो. सुट्टीत घरी आजीला तेच सांगायचे तर मराठी शब्द आठवत नाहीत. माझ्या धाकट्या भावाला लाल-हिरवी रंगांधता आहे. ‘हे त्याच्या आईच्या माहेरून आले,’ असे आमच्याकडे बोलले जाते आणि आई गप्प बसते. या बोलण्यात खरे किती, ते आठ शब्दांच्या मदतीने पाहू.

आनुवंशिकता : आईवडिलांचे गुण मुलांत उतरणे. ग्रेगर मेंडेल यांनी 1856 ते 1863 या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो झाडे वाढवून तिचे नियम शोधले.

गुणसूत्र : आपल्या पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून येते. तेविसाव्या जोडीत मुलींना दोन एक्स, तर मुलांना एक एक्स व एक वाय असते. वाय वडिलांकडून येते, म्हणजे मुलाचे एक्स आईचेच.

जनुक : गुणसूत्रावरील डीएनएचा असा भाग, ज्यात बहुधा एखादे प्रथिन बनवण्याची सूचना असते. डोळ्यातील शंकुपेशींना लाल आणि हिरवा रंग ओळखायला लागणाऱ्या रंगद्रव्यांची जनुके एक्सवर असतात.

प्रभावी आणि अप्रभावी : जोडीतले एक जनुक बिघडले तरी दुसरे काम निभावून नेते. निभावणारे ते प्रभावी, झाकले जाणारे अप्रभावी. मुलाकडे एक्स एकच, म्हणजे संघात राखीव खेळाडूच नाही! म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 12 पुरुषांत एकाला, पण 200 स्त्रियांत एकीलाच ही रंगांधता आढळते.

वाहक : जिच्यात अप्रभावी जनुक आहे, पण लक्षण नाही, ती वाहक. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, रंगांध आहेत. वडील मुलीला आपले एकुलते एक एक्स देतात, म्हणून आई वाहक असणारच.

दृश्यरूप आणि जनुकरूप : बाहेरून दिसते ते दृश्यरूप, आत जनुकांची जी जोडी असते ते जनुकरूप. आईला सगळे रंग नीट दिसतात, हे तिचे दृश्यरूप. तिच्याकडे एक चांगले आणि एक बिघडलेले जनुक आहे, हे जनुकरूप.

आता हिशेब करू. आईच्या दोन एक्सपैकी कोणते मुलाला मिळेल, हे नाणेफेकीसारखे आहे. शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. मला चांगले मिळाले, भावाला दुसरे. मला चांगले मिळाले म्हणून त्याला दुसरे मिळाले असेही नाही, कारण नाण्याला मागची फेक आठवत नाही. तेव्हा जनुक आईकडून आले हे खरे, पण त्यात आईचा दोष काडीचाही नाही. काय द्यायचे हे तिने निवडलेले नव्हते आणि आजोबांनीही नाही.

आपल्यासाठी हा विषय जवळचा आहे. वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा वाचायला सांगतात. त्या इशिहारा तक्त्या शिनोबू इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरांनी तयार केल्या आणि 1917 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. भावाला त्यातले काही आकडे दिसतच नाहीत. त्याला लढाऊ विमान चालवायचे होते. ती वाट बंद झाली याचे त्याच्याइतकेच मलाही वाईट वाटते.

मी त्याला जॉन डाल्टन यांच्याविषयी सांगितले. अणुसिद्धांत मांडणारे डाल्टन स्वतः रंगांध होते. 1794 मध्ये त्यांनी त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे मृत्यूनंतर डोळे तपासले, तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या डोळ्यातील डीएनए 1995 मध्ये तपासल्यावर खरे कारण कळले : हिरव्या रंगद्रव्याचे जनुकच नव्हते.

सराव : माझ्या भावाचे पुढे वाहक नसलेल्या मुलीशी लग्न झाले, तर त्यांची मुले कशी असतील? चौकट काढून पाहा. उत्तर : मुलगे रंगांध नसतील, मुली सगळ्या वाहक असतील. हे उत्तर मी सुट्टीत आजीला चौकट काढूनच दाखवणार आहे, आई समोर असताना.