हायड्रोजन वायूचें कोठार

मस्तगडाची गढी अठराव्या शतकांतली. तिच्यांतील मोठ्या विहिरीच्या पोटांत सज्जे व दालनें बांधलेलीं आहेत. थोड्या जागेंत पुष्कळ भिंती! हेंच उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों.

हायड्रोजन जाळला असतां त्याचें पाणी होतें, धूर होत नाहीं. पण असें इंधन सांठवावें कोठें? एक किलो वायूस साध्या हवेंत सुमारें १२ घनमीटर जागा लागते. मोटारींत तो हवेच्या ७०० पट दाबाखालीं कोंडावा लागतो, आणि हें काम खर्चाचें.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं धातूच्या अणूंचे खांब व सेंद्रिय रेणूंच्या तुळया जोडून सच्छिद्र स्फटिक रचिले. ओमर याघी यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अशा एका स्फटिकाच्या दोन-तीन ग्रॅमांत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग असतो! ह्या विद्येबद्दल किटागावा, रॉब्सन व याघी यांस २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतही अशा स्फटिकांवर संशोधन झालें आहे.

अडचण एवढीच कीं, उणे १९६ अंशांच्या थंडींत हायड्रोजन ह्या भिंतींस बिलगतो, पण साध्या उष्णतेंत (जालन्याच्या वैशाखाची गोष्टच सोडा) बहुतेक निसटतो. धातूचे अणु उघडे ठेविल्यास पकड वाढते. मात्र ती फारच घट्ट झाली, तर हवा तेव्हां वायु बाहेर निघत नाहीं.