ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरसाठी अल्प किमतीचा हवापंप कसा निवडावा?

खानदेशात ट्रॅक्टर व ट्रॉली ही आता शेतीची नित्याची साधने झाली आहेत. रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळीचे घड शेतातून रस्त्यापर्यंत आणावयाचे असोत, अथवा धुळे व शिरपूर भागात कपाशीची वाहतूक करावयाची असो, सर्व भार अखेर टायरमधील हवेवरच पडतो. तथापि टायरमध्ये किती हवा आहे, हे पाहण्याची सवय आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

गेल्या हंगामात रावेर तालुक्यातील एका मळ्यात केळीची कापणी चालू असता, भरलेल्या ट्रॉलीचे एक चाक बाभळीच्या काट्याने बसले. ठिगळ लावण्याचे साहित्य जवळ होते; परंतु हवा भरण्याचे साधन नव्हते. मोटारगाडीचा छोटा पंप कोणी आणून दिला. तो काही मिनिटांतच तापून बंद पडला. चाक काढून गावात नेऊन आणीपर्यंत दोन प्रहर लोटले. घड उन्हात राहिले, ठरलेली गाडी निघून गेली आणि भावात घट सोसावी लागली. पंप नव्हता म्हणून नव्हे, तर योग्य पंप नव्हता म्हणून हे नुकसान झाले.

हवेचा दाब का सांभाळावा?

टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानाने आतील हवेच्या दाबाइतका असतो. काळ्या भारी जमिनीत ओल असता कडक टायर चालविल्यास माती दडपली जाते आणि मुळांना व पाण्याला वाट राहत नाही. शिवाय चाक जागीच फिरून डिझेल वाया जाते. याउलट, भरलेली ट्रॉली कमी हवेवर डांबरी रस्त्याने नेल्यास टायरची बाजू वारंवार दुमडून तापते व फाटते. शेतासाठी थोडी कमी व रस्त्यासाठी थोडी अधिक हवा असावी, हे यातील तत्त्व होय. हवा कमी-अधिक करण्याचे साधन जवळ असल्याखेरीज हे तत्त्व आचरणात येत नाही.

ट्रॅक्टरच्या मागील चाकांस शेतकामात साधारणतः १२ ते १५ पौंड, पुढील लहान चाकांस २६ ते ३६ पौंड व भरलेल्या ट्रॉलीच्या चाकांस ६० पौंड किंवा अधिक हवा लागते. येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचास पौंड असे समजावे. नक्की आकडा मात्र ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत व टायरच्या बाजूवर पाहावा.

किती हवा लागते?

मोठ्या टायरला मोठा पंप लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. वातावरणाचा दाब सुमारे १५ पौंड असतो. म्हणून टायरमध्ये दर १५ पौंड दाब वाढविण्यास टायरच्या पोकळीइतकी मोकळी हवा आत लोटावी लागते. मागील टायरची पोकळी २५० लिटर मानली, तर ० पासून १५ पौंडांपर्यंत २५० लिटर हवा लागेल. ट्रॉलीच्या टायरची पोकळी १०० लिटर मानली, तरी ७५ पौंडांसाठी पाचपट, म्हणजे ५०० लिटर हवा लागेल. मिनिटास २५ लिटर हवा देणारा पंप पहिल्यास १० मिनिटे व दुसऱ्यास २० मिनिटे घेईल. दाब वाढत जाईल तशी पंपाची हवा कमी होत जाते. यास्तव प्रत्यक्षात वेळ याहूनही अधिक लागतो. सारांश, पंपाची खरी कसोटी ट्रॉलीच्या लहान चाकावरच होते.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी

१. दर मिनिटास किती लिटर हवा मिळते, हे विचारावे. पेटीवरील आकडा बहुधा शून्य दाबाचा असतो. आपल्या ट्रॉलीच्या दाबावर किती हवा मिळते, ते पाहावे. ‘१५० पौंड’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असले, तरी त्यावरून वेग कळत नाही.

२. पंप सलग किती मिनिटे चालतो व नंतर किती विश्रांती घेतो, हे पाहावे. दहा मिनिटांत थांबणारा पंप ट्रॉलीचे चाक एका दमात भरू शकत नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात ही मर्यादा आणखी कमी होते. तापल्यावर आपोआप बंद होणारा पंप पत्करावा.

३. पंप १२ व्होल्टचा असावा. लायटरच्या खोबणीतून चालणारे पंप सायकल, मोटारसायकल व मोटारगाडीपुरते ठीक होत. मोठ्या पंपास ३० अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. तो थेट बॅटरीस चिमट्यांनी जोडावा लागतो. तारेत फ्यूज असलाच पाहिजे.

४. तार व नळी मिळून लांबी ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून ट्रॉलीच्या मागील चाकापर्यंत पोहोचावी. पातळ तारेचा जोड देऊ नये. त्याने पंप मंदावतो व तार तापते.

५. सिलिंडर धातूचा व नळीचे तोंड आट्याचे, पितळी असावे. दाबमापक वेगळा घ्यावा.

६. किमतीस मिनिटाच्या लिटरांनी भागून दोन पंपांची तुलना करावी. सर्वांत स्वस्त पंप या हिशेबात पुष्कळदा महाग ठरतो. एकट्यास न परवडल्यास तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक चांगला पंप घ्यावा. पक्की पावती व हमीपत्र जपून ठेवावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

हवा सकाळी, चाक थंड असता मोजावी. उन्हाने वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. पंप चालू असता इंजिन चालू ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, ब्रेक लावावा व चाकाखाली दगड द्यावा. मागील टायरमध्ये पाणी भरले असल्यास व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणून मगच नळी जोडावी. अन्यथा पाणी पंपात शिरते. टायरसमोर उभे राहू नये, बाजूस राहावे. हवा नसता दूरवर चाललेला टायर, तसेच दोन भागांची वा कड्याची रिंग असलेले चाक शेतात भरू नये. ते जाणत्या कारागिराकडे न्यावे. रिंग उडाल्यास प्राणहानी होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात एक दिवस सकाळी सर्व ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या टायरचा दाब शेतकऱ्यांसमक्ष मोजून दाखवावा व प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा. वहीतील आकडे पाहिले म्हणजे पंपाची आवश्यकता निराळी पटवून द्यावी लागणार नाही. शेतकरी बंधूंनीही केळीची कापणी वा कपाशीची वेचणी सुरू होण्यापूर्वीच ही तजवीज करून ठेवावी.