बैलाची मान, धड व पुठ्ठा : स्नायूंची रचना आणि निगा

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी आपल्या बैलाचा खांदा तूप-हळदीने मळतो. खांदेमळणीची ही चाल ममतेची आहे, तशीच शहाणपणाचीही आहे. कारण ज्या जागेने वर्षभर भार सोसला, तिची त्या दिवशी विचारपूस होते. मात्र ज्याला बैलाचा 'खांदा' म्हणतात, तो शरीररचनेच्या दृष्टीने खांदा नव्हे. जू टेकते तो वशिंडाच्या पुढील मानेचा भाग होय. ओढण्याचे बळही मुख्यतः तेथे निर्माण होत नाही. ते मागे पुठ्ठ्यात उत्पन्न होते, पाठीतून पुढे येते आणि मानेवाटे जुवाला मिळते. ही वाट ज्यास ठाऊक आहे, त्यास बैलाची पुष्कळशी दुखणी टाळता येतात.

मान

मानेत 7 मणके असतात. त्यांच्या वरच्या अंगाला एक चिवट, लवचीक व पिवळसर अस्थिबंध डोक्यापासून वशिंडाखालच्या मणक्यांपर्यंत ताणलेला असतो. डोक्याचा बराचसा भार तोच तोलून धरतो. त्याच्या दोन्ही बाजूंस मान व फरा यांना जोडणारे पसरट स्नायू असतात. देशी बैलाचे वशिंड हा निव्वळ चरबीचा गोळा नसून, फऱ्याला मानेशी व पाठीशी जोडणारा स्नायूच तेथे वाढलेला असतो व त्यात चरबी मिसळलेली असते.

खाली ताठ अस्थिबंध आणि वर जुवाचे लाकूड, यांच्यामध्ये कातडी व स्नायू चेपले जातात. जू खडबडीत असेल, जोडीतील बैल उंचीने विषम असतील, किंवा पावसाने मान भिजलेली असेल, तर तेथील कातडी सोलवटते व खांदेसूज होते. गाडीत ओझे पुढे सरकलेले असल्यास सारा भार मानेवर पडतो. मागे सरकल्यास जू उचलले जाऊन जुपण्या गळ्याला काचतात.

धड

बैलाला हासळीचे हाड नसते. त्याचे पुढील पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. बरगड्यांच्या 13 जोड्यांचा छातीचा पिंजरा दोन फऱ्यांमध्ये झोळीसारखा टांगलेला असतो. खडकाळ रानातही बैलाला धक्के सोसवतात, याचे एक कारण हेच.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस कमरेच्या हाडापासून मानेपर्यंत एक लांब स्नायू जातो. तो पाठ ताठ ठेवतो आणि मागील पायांचा रेटा पुढे पोहोचवितो. पोसलेल्या बैलात तो भरलेला दिसतो. उपासमारीत तो झिजून मणक्यांची टोके वर दिसू लागतात. असा बैल नांगराला जुंपणे म्हणजे तुटक्या दोराने मोट ओढण्यासारखे होय.

कुशीत स्नायूंचे तीन थर असून त्यांचे तंतू निरनिराळ्या दिशांना जातात. त्यामुळे पोटाचे वजन पेलले जाते. डाव्या कुशीच्या आत कोठीपोट असते. ही कूस अचानक फुगून वर आली, तर ते पोटफुगीचे लक्षण समजून विनाविलंब पशुवैद्यकास बोलवावे.

पुठ्ठा

पुठ्ठ्यावरील व मांडीच्या मागील जाड स्नायू पाय मागे रेटतात आणि त्यायोगे शरीर पुढे जाते. म्हणून बैल पारखताना केवळ वशिंड पाहू नये. पुठ्ठा रुंद व मांडी भरलेली आहे की नाही, हेही पाहावे.

याच स्नायूंच्या खालून, खुब्याच्या सांध्यामागून, मागील पायाचा मोठा मज्जातंतू जातो. पुठ्ठ्यात चुकीच्या जागी इंजेक्शन दिल्यास त्यास इजा होते. मग जनावर पाय ओढत चालते, खूर मुडपते आणि पुढे पुठ्ठ्याचे व मांडीचे मांस झडते. वासरे व रोडावलेली जनावरे यांत हा धोका अधिक, कारण तेथे मज्जातंतूवर मांसाचे आवरण थोडे असते. एका सुईपायी ऐन पेरणीत जोडी मोडू शकते. यास्तव मानेच्या बाजूचा त्रिकोण बरा : वर अस्थिबंध, खाली मानेचे मणके व मागे फरा. त्यातही जू टेकते ती जागा वगळावी. इंजेक्शन पशुवैद्यकाकडूनच द्यावे.

निगा

उन्हाळाभर बसून असलेल्या बैलाचे स्नायू सैल व मानेची कातडी मऊ झालेली असते. त्यास पहिले काही दिवस हलके काम द्यावे. जू गुळगुळीत असावे. काम सुटल्यावर मान पुसून कोरडी करावी व हात फिरवून पाहावी. ऊन लागणे, सूज किंवा दुखरेपणा आढळल्यास बैल जुंपू नये. सुजेवर डाग देऊ नये. त्याने कातडी जळते, आतील स्नायू बरा होत नाही.

1965 च्या केंद्रीय नियमांनुसार गाडीच्या जनावरास दिवसात एकूण 9 तासांपेक्षा अधिक व विश्रांतीवाचून सलग 5 तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही. तापमान 37 अंशांवर जाते अशा भागात दुपारी 12 ते 3 या वेळेत जुंपण्यासही मनाई आहे.

खांदेमळणी वर्षातून एकदाच येते. तथापि बैलाच्या मानेवरून रोज सायंकाळी हात फिरविणारा शेतकरी दुखणे वाढण्याआधीच ओळखतो, आणि त्याची जोडी पेरणीच्या दिवशी उभी राहते.