कापलेला शेवट

कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी लहानशी चित्रफीत काढली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, खेळणारे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मग फलक दाखवतात : मूल पळवायला एक क्षण पुरतो. २०१८ साली ती आपल्या देशात मोबाइलवर फिरली तेव्हा शेवट कापलेला होता. उरली ती ‘मुले पळवणारी टोळी’. अफवा नेहमीच निखळ खोटी नसते, ती अशी कापलेली असते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना याच संशयाने जमावाने ग्रामपंचायतीत कोंडून ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक असेच गेले. तेथे तर अफवेवर अफवा चढली, मारेकरी मुसलमान असल्याची! गृहमंत्र्यांनी अटकेतील १०१ जणांची यादी जाहीर केली; त्यात एकही मुसलमान नव्हता. पण तोवर मृतांपेक्षा पक्षांचीच चर्चा अधिक झाली होती.

माझ्या आईवडिलांना अक्षरओळख नाही. राईनपाड्याच्या आधी असाच एक निरोप घरात मीच मोठ्याने वाचला होता. शिकणाऱ्या पोराने वाचलेले, म्हणजे खरे. दुसऱ्या दिवशी नंदीवाला आला. आजी एरवी त्याला सूपभर ज्वारी घाली. त्या दिवशी तिने मला आत ओढून कडी लावली. ढोलकीचा गुबुगुबु आवाज बराच वेळ दाराशीच येत राहिला.